टॉवेलखाली

शंभर फुटी रोडवरच्या जिमचा टी-शर्ट
धुऊन, इस्त्री करून परत दिला.
पाठीवर ‘ट्रेनर’ लिहिलेलं होतं, नाव नव्हतं.
मालक म्हणाले, क्लायंट आमचे आहेत, लक्षात ठेव.
मी मान हलवली.
गुडघे त्यांचे होते, धाप त्यांची होती,
पण रजिस्टर मालकांचं.

गावभागात बंद पडलेल्या छापखान्यावरची गच्ची,
महिना अडीच हजार, पाणी वेगळं.
डंबेल्स घेतले महापुरात बुडालेल्या एका जिमचे,
किलोच्या भावानं, भंगारवाल्याच्या आधी पोचून.
खाचांत अजून गाळ होता.
चिंच आणि तारेचा ब्रश घेऊन दोन दिवस बसले,
पाचाचा आकडा निघाला, साडेसाताचा निघाला,
दहाच्या जोडीवरचा एक गंजून गेलेला,
राहिलं नुसतं शून्य.
नवख्याला मी आधी तीच जोडी दाखवते.
शून्य बघून हात घालतो
आणि मग माझ्याकडे बघतो.

आई म्हणाली, पगार होता की गं.
भाऊ म्हणाला, कार्डं छाप.
छापली. ‘पर्सनल’चं ‘परसनळ’ झालं.
पाचशे कार्डं, परत कोण घेणार?
दोघांनी फोन करून विचारलं, नळ दुरुस्त करता का.

पहाटे आमराईत जाऊन उभी राहायचे,
चालणाऱ्यांच्या चाली बघत:
ह्यांची टाच दुखते, त्यांचा डावा खांदा पडलाय,
त्या बाईंना श्वास पोटात घ्यायला कुणी शिकवलंच नाही.
सगळं दिसायचं. जीभ उचलायची नाही.
विद्यापीठाच्या स्पर्धेत बहात्तर किलो
एका दमात डोक्यावर नेलेली मी,
आणि ‘महिना तीन हजार’ हे तीन शब्द
छातीपर्यंत येऊन खाली पडायचे.

पहिले आले आदगोंडा मगदूम.
मार्केट यार्डात चाळीस वर्षं हळदीची तोलाई,
आता बायपास आणि डॉक्टरांची चिठ्ठी.
नखांच्या कडा अजून पिवळ्या.
दिवस मावळायच्या आत जेवतात, कांदा-बटाटा नाही,
मी म्हटलं, प्रोटीन आणायचं कुठून?
‘मुगाला काय झालंय?’

खुर्चीवरून उठायचं, बसायचं. दहा वेळा.
आठव्याला थांबले, घाम पुसला,
म्हणाले, तुमचं किती?
द्या की काका, तुम्हाला वाटेल ते.

‘पोरी, वाटेल ते म्हटलं की
माणसाला कमीच वाटतंय.’
मग म्हणाले, आमच्या वडलांच्या वेळी
सौदा रुमालाखाली व्हायचा बघ.
अडत्या नि खरेदीदार, हातात हात,
तोंड गप्प, बोटं बोलणार.
आणि माझा घामाचा टॉवेल
त्यांनी दोघांच्या हातांवर टाकला.

खाली त्यांचा तळवा,
पोत्यांच्या सुतळीनं घासून गुळगुळीत झालेला.
वरून कृष्णेकडची वटवाघळं परतत होती.
मी तीन बोटं धरली.
सोडली.
त्यांनी वाट बघितली,
काटा स्थिरावायची बघतात तशी.
मग मी चार धरली.

त्यांनी अर्धं बोट कमी केलं.
शेवटी यार्डातला माणूस.

टॉवेल काढला तर
दोघांचे हात रिकामे
आणि साडेतीन हजार ठरलेले.
‘आता तोंडानं म्हणा. उद्या दुसरं गिऱ्हाईक येईल,
त्याला बोटं कळायची नाहीत.’
म्हणाले. आवाज जरा फाटला.
खालच्या पत्र्यावरचं मांजर उठून गेलं.
परत म्हणाले.

ते टोपी घालून जिन्याकडे निघाले.
काका, आठच झाल्यात.
दोन राहिल्यात.
आणि ह्या वेळी
खुर्चीला हात लावायचा नाही.